मला ताप नव्हता हो

मी बोलतोय. इकडे. खाली बघा जरा, कोंबडीच्या मागे. ही कोंबडी जिच्यावर बसलीय ना, ती माझी सीट, आणि सीटच्या खाली जे काय उरलंय तो मी. ट्रॅक्टर. हसू नका. ट्रॅक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हत्तीएवढं धूड येतं, ठाऊक आहे मला. मी बागेतला ट्रॅक्टर. उभ्या माणसाच्या कमरेला लागतो. पण चार चाकं, एक सीट, एक स्टिअरिंग, पुढे हँडल मारायचं भोक, सगळं आहे. उंची सोडली तर काही कमी नाही.

आणि आधीच सांगून टाकतो, मी मुंबईकर. जन्म विलायतेचा, पण जन्म कुणाला आठवतो? एक मोठी शेड, एक माणूस शीळ घालत माझे नट आवळतोय, मग लाकडी खोका, मग काळोख, मग महिनाभर समुद्र. खोका उघडला तो थेट मलबार हिलवर. तिथून पुढचं सगळं लख्ख आठवतं.

बंगला होता मोठा. पुढे हिरवळ. मागे गवत कापायचं यंत्र ओढत त्या हिरवळीवर गोल गोल फिरायचं, एवढंच माझं काम. आधी गोरा साहेब होता, तो गेला, मग एक शेट आला, मग शेटच्या मुलांचे वाढदिवस. माझ्या कानांना फुगे बांधायचे. समोर समुद्र, संध्याकाळी खाली दिव्यांची रांग लागायची. खोटं कशाला बोलू, ऐश होती राव.

सकाळी माळी यायचा. हातात एक चिमुकला डबा. माझ्याकडे दोन टाक्या आहेत बघा, एक मोठी, एक छोटी. मोठीत रॉकेल, ते दिवसभराचं जेवण. पण थंड अंगाने रॉकेलवर उठणं मला जमत नाही. त्यासाठी छोटी टाकी. तिच्यात घोटभर पेट्रोल. तुम्ही चहाशिवाय उठता का? तसंच. पेट्रोलचा घोट, हँडलला एक हिसका, भुर्रर्र, आणि अंग तापलं की रॉकेल. इतकी साधी गोष्ट. लक्षात ठेवा हं, कारण इथून पुढे ती एकाही माणसाला सुचणार नाहीये.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं एकजण रोज बघायचा. तो भाई. शेटचा आचारी, देवगडजवळच्या जामसंड्याचा. माळी रोज माझ्या टाळक्यावर काहीतरी ओततो, ते भाईला वाटायचं तीर्थ.

मग शेटच्या डोक्यात आलं, हिरवळीवर चार मजले चढवायचे. हिरवळ गेली, माळी गेला. भाईसुद्धा म्हातारपणाकडे झुकलेला, तो गावी निघाला. शेट म्हणाला, आठवण म्हणून घरातलं काय हवं ते ने. दुसऱ्या कुणीही पितळेचा हंडा नेला असता. भाईने मला मागितलं. का, तर गावात असा कुणाकडे नाही.

भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आलो आम्ही. देवगडला बोट लांब समुद्रातच उभी राहते, माणसं न्यायला होड्या येतात. मला दोरखंडात बांधून वरून होडीत सोडलं. होडीत आधीच पाच बायका, दोन फणस आणि एक बोकड. बोकड माझ्याकडे बघून जो ओरडायला लागला तो किनारा येईपर्यंत थांबला नाही. माझं गावाने केलेलं पहिलं स्वागत ते.

जामसंड्यात भाईची हौसाबाई नावाची आते घर सांभाळून होती. वय किती ते तिलाच ठाऊक नव्हतं, पण आवाज खणखणीत. तिने मला एकदा पुढून बघितलं, एकदा मागून बघितलं आणि विचारलं, "ह्येच्यात शिजवतत काय?"

भाईची जमीन म्हणजे सगळा कातळ. कातळात सुरुंग लावून खड्डे केलेले आणि त्यात आंब्याची कलमं. तिथे मी काय नांगरणार, कपाळ? आणि नांगरायला आधी उठायला तर हवं. पेट्रोलचं तीर्थ माळ्याबरोबर गेलेलं. भाईने मोठ्या टाकीत रॉकेल भरलं, हँडल मारलं, मारलं, मारलं. मी गप्प.

पण भाई पडला आचारी. त्याच्या मते जगातली कुठलीही गोष्ट तापवली की होते. त्याने न्हाणीतला हंडा उकळवला आणि सगळा माझ्या अंगावर ओतला. आणि झालो की हो मी सुरू. अंग तापलेलं असलं की रॉकेल मला चालतं, हे मघाशी सांगितलं ना. तेव्हापासून भाई मला कधी सुरू करायचा झाला की आंघोळ घालायचा. चांगली कढत, दोन हंडे. शेजारी कुंपणावरून बघायचे. एकदा कुणीतरी विचारलंसुद्धा, साबण लावतंस काय रे.

बाकी दिवस मी आंब्याखाली उभा. हौसाबाई माझ्या बॉनेटवर कोकमाची सोलं वाळत घालायची. लाल लाल रस माझ्या नाकावरून ओघळायचा. छोटी टाकी रिकामी होती, तिच्यात भाई आतेला चोरून बिड्या लपवायचा. मलबार हिलवरचा मी. शप्पथ, असले दिवस आले.

आणि मग एका उन्हाळ्यात हौसाबाईने फर्मान काढलं, आंब्याच्या पेट्या ठेवायला जागा पाहिजे, हा उकिरडा हलव. भाईने कणकवलीच्या एका लोहाराला गाठलं. लोहार आला, त्याने माझ्या पोटावर बोटाने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, लोखंड झकास आहे, ह्याचे कोयते होतील. सोमवारी गाडी घेऊन येतो.

कोयते. म्हणजे मी नारळ सोलणार. तोही एकटा नाही, पुष्कळ तुकड्यांनी.

त्याच आठवड्यात मिठबावच्या यशोदेचा निरोप आला. ट्रॅक्टर विकायचाय असं ऐकलं, रविवारी बघायला येते.

ही यशोदा कोण ते सांगतो. नवरा सत्यवान मुंबईला गिरणीत. घरी ही एकटी आणि भातशेतीचे पाच-सहा कुणगे, म्हणजे बांध घालून केलेले छोटे छोटे तुकडे. बैल नाहीत. बैल होते गंगारामकडे. गंगाराम तिचा चुलतसासरा. तो आधी स्वतःची शेतं नांगरायचा, मग भावाची, मग ज्याच्याकडे जेवण चांगलं मिळतं त्याची, आणि सगळं गाव लावणी आटपून हात धुवायला लागलं की हिची. तोवर हिचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, जून होऊन पिवळी पडलेली. पीक निम्मं. दरवर्षी ही मिरगाच्या, म्हणजे मृगाच्या पावसाच्या, आधी त्याच्या दारात जाऊन उभी राहायची आणि दरवर्षी तो पान जुळवत एकच बोलायचा, "गो, मिरग काय पळान जाता?"

म्हणून तिला मी हवा होतो. आणि कोयते व्हायचं नसेल तर मला ती हवी होती.

आता गंमत बघा. मिठबावात रीत अशी की गंगारामचा हात फिरल्याशिवाय जनावर दारात बांधायचं नाही. बैल असो, गाय असो, पाठीवर गंगारामचा हात पडला पाहिजे. यशोदा नवीन रीत कुठून काढणार? तिने गंगारामलाच बरोबर आणलं. म्हणजे माझ्यामुळे ज्याचा मान जाणार, तोच माझा परीक्षक. आणि आले कशातून, तर त्याच्याच बैलगाडीतून. ते दोन बैल आंब्याखाली रवंथ करत माझ्याकडे असे बघत होते, लग्नात मुलीकडच्यांच्या भांड्यांकडे बघतात ना, तसे.

इकडे भाईने सकाळीच डाव टाकून ठेवलेला. दोन हंडे कढत आंघोळ, मग मला सुरू करून घटकाभर फिरवलं, बंद केलं आणि खोबरेल तेलाने पुसून काढलं. माणसं आली की एका हिसक्यात सुरू करून दाखवायचं, म्हणजे झालं. जुना माल विकणारे सगळे हेच करतात हो. मलाही चालत होतं. सोमवार डोळ्यांपुढे दिसत होता ना.

गंगाराम आधी लांब उभा राहिला. मग माझ्याभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून. मग म्हणाला, "हो टॅक्टर नाय. हो टॅक्टराचो पाडो."

पाडा म्हणजे वासरू. माझं वय तेव्हा तीसच्या आसपास, पण जाऊ दे, मनाने आहेच मी तरुण.

भाई गिऱ्हाईकापुढे पुस्तकी बोलायचा, शेटसारखं. म्हणाला, "काका, पूर्ण वाढ झालेला विलायती माल आहे हा. ह्यांची जातच ठेंगणी."

गंगाराम वाकला आणि माझ्या तोंडाची जाळी बघायला लागला. एकेका पट्टीवर बोट ठेवून मोजलं. बैलाचं वय दातांवरून कळतं ना. मोजून झाल्यावर त्याचा चेहरा गंभीर झाला. "बैलाक आठ दात आसतत. ह्येका अकरा. ह्येच्या वयाचा काय खरा नाय."

मग त्याने भोवरे शोधले. बैलाच्या अंगावर वाईट जागी केसांचा भोवरा असला की तो घरधन्याला खातो म्हणतात. माझ्या उजव्या कुशीवर गंजाचा एक गोल डाग आहे, तिथे तो बराच वेळ थांबला. मग चाकाच्या रबरात अंगठा दाबून बघितला, खूर दाबतात तसा. धूर जायची नळी माझ्या डोक्यावर उभी आहे, ती बघून त्याने यशोदेला हळूच सांगितलं की ह्येची शेपटी जाग्यावर नाय. मग एकदम छत्री काढून माझ्या तोंडासमोर फाड्‌कन उघडली. मी जागचा हललो नाही. कसा हलणार? "भुजणा नाय," म्हणजे बुजत नाही, असं तो नाखुशीने म्हणाला. एवढा एकच गुण मिळाला मला.

यशोदेने येताना एक बांबूची काठी आणलेली. तिच्या शेतात शिरायच्या वाटेवर दोन बांधांमध्ये जेवढी फट आहे ना, बरोब्बर तेवढी तोडून आणलेली. ती काठी तिने माझ्या चाकांना आडवी लावली. मी बसलो त्यात, वर चार बोटं जागा उरली. काठी तिने फेकून दिली नाही. मग पदर खोचून सरळ माझ्या सीटवर चढली आणि स्टिअरिंग फिरवून खाली चाकं किती वळतात ते वाकून बघितलं. मला वाटलं, झालं, जमलं आपलं.

आणि तेवढ्यात गंगारामने शेवटचा विधी केला. माझ्या पाठीवर, म्हणजे बॉनेटवर, हात ठेवला.

चटकन मागे घेतला. परत ठेवला, उलटा, आईने पोराच्या कपाळाला लावावा तसा.

"भाई, लाज नाय तुका? आजारी जनावर विकतंस? अंग बघ केदा तापला हा."

भाई म्हणाला, अहो तो ताप नाही, इंजीन गरम आहे.

"चालल्याबिगर गरम कित्याक? दाव्याक बांधलेलो बैल जाग्यार तापलो, तर आमी तेका तापच म्हणतो."

आता भाई काय, सकाळीच गुपचूप चालवून ठेवलाय, असं सांगणार? त्यात माझ्या खाचाखोचांतून आंघोळीचं उरलंसुरलं पाणी ठिबकत होतं. ते दाखवून गंगाराम म्हणाला, घाम फुटला आहे बिचाऱ्याला. यशोदेकडे वळून निकाल दिला, ताप उतरल्याशिवाय सौदा नाही.

मला ताप नव्हता हो. मी ओरडून सांगितलं असतं, पण मी बंद होतो.

मग सगळे अंगणातल्या खळ्यात बसले, माझा ताप उतरायची वाट बघत. हौसाबाईने सोलांचं सरबत केलं, मग पेज, मग पेजेबरोबर सुके बांगडे. गंगाराम मधूनच उठून यायचा, उलटा हात लावायचा, मान हलवायचा, परत जाऊन बसायचा. एकदा तर यशोदेकडून फडकं मागून घेतलं, मिठाच्या पाण्यात भिजवलं आणि माझ्या बॉनेटवर घड्या घातल्या. मी फटाफट थंड व्हायला लागलो. भाईचं जेवणात लक्ष नव्हतं. तीन घासांत एकदा माझ्याकडे बघत होता. थंड झालेला मी उठत नाही, हे त्या खळ्यात दोघांनाच ठाऊक होतं. त्याला आणि मला.

ऊन कलताना गंगारामने शेवटचा हात लावला. "उतरलो. आता उठव तेका."

भाईने हँडल मारलं. मारलं. परत मारलं. सदरा काढून मारलं. मी सगळा जोर लावला, आतून ढकललं, देवाचं नाव घेतलं, विलायतेतल्या त्या शीळवाल्याचं नाव घेतलं असतं पण ते माहीत नव्हतं. काही नाही. खर्रर्र, खर्रर्र, आणि ठप्प. भाईचं पुस्तकी बोलणं गळून पडलं. "आत्ये, हंडो तापव," तो ओरडला.

"आताच ताप उतरलो आणि कढत पाणी?" गंगाराम म्हणाला. "मारूचो हा काय तेका?"

हंडा राहिला. गंगारामने टोपी घातली, छत्री काखेत मारली आणि यशोदेला म्हणाला, बघितलंस ना, चल. म्हणजे जिंकला होता तो. ह्या वर्षीही तिचे कुणगे शेवटीच. यशोदा काठी हातात धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, काठीकडे बघत होती.

आणि भाईने रागाने मला लाथ मारली.

लाथ काही मोठी नव्हती. पण गाडीला बैल जुंपायला निघालेला गंगाराम गर्रकन वळला. "जनावरार पाय उचलू नको."

तो परत आला. माझ्याजवळ उकिडवा बसला, माझ्या कुशीवरून हात फिरवला, त्या गंजाच्या डागावरूनसुद्धा. त्याला आता बघवत नव्हतं. सौदा मोडायला आलेला माणूस, पण समोर जनावर पडलंय म्हटल्यावर त्याच्याने निघवेना. हळू आवाजात म्हणाला, "ह्या थंड पडला हा. पोटात ऊब व्हयी. घोटभर दारू व्हयी."

दारूबंदीचे दिवस. सगळे एकदम आंब्याकडे बघायला लागले. यंदा मोहर कसा होता, वगैरे.

हौसाबाई उठली. आत गेली आणि भाताच्या कणगीमागून एक बाटली घेऊन आली.

"आत्ये?" भाई म्हणाला.

"पाय चोळूक," हौसाबाई म्हणाली.

गंगारामने बूच काढून वास घेतला आणि दोन क्षण डोळे मिटले. काजूची, पहिल्या धारेची. म्हणजे काडी लावली तर पेटेल अशी. मग तो माझं तोंड शोधायला लागला. बैलाला औषध पाजायची बांबूची नळी गाडीत असायचीच त्याच्या, ती काढली. जाळीतून नळी जाईना. मग त्याला छोट्या टाकीचं झाकण दिसलं. झाकण फिरवलं, आत बोटं घातली आणि बिड्यांचं बंडल बाहेर काढलं. मागून आणखी एक.

"ह्यो कोणाच्यो?" हौसाबाईने विचारलं.

भाई जमिनीकडे बघत म्हणाला, "पाय चोळूक."

मी हसलो असतो तर माझे नट गळून पडले असते. पण तेवढ्यात नळी आत आली आणि टोपणभर काजू माझ्या घशाखाली उतरली.

काय सांगू. पेट्रोल चांगलं असतं, मी नाही म्हणत नाही. पण हे म्हणजे काहीतरी वेगळंच. कार्बोरेटरमधून एक झणका गेला तो पार मागच्या चाकांपर्यंत. गंगाराम म्हणाला, आता शेपटी पीळ. बसलेल्या बैलाची पिळतात तशी. भाईच्या दंडात काही उरलं नव्हतं. यशोदेने काठी खाली ठेवली, हँडल धरलं, रोज विहिरीचं पाणी ओढणारे हात तिचे, एकच हिसका दिला.

ढम्म. नळीतून निळी ज्वाळा, मग धूर, मग भड भड भड भड. भाईने धावत येऊन रॉकेलचा नळ फिरवला आणि मी चालूच राहिलो. गंगारामचे बैल गाडी तिथेच सोडून फाटकाबाहेर पळाले. भुजायच्या परीक्षेत कोण नापास झालं, ते तुम्हीच ठरवा.

मी आनंदाने नुसता थडथडत होतो. भाई हसत होता, हौसाबाई कानांवर हात ठेवून हसत होती. यशोदा मात्र हसत नव्हती. तिने गंगारामला विचारलं, ही ह्याला रोज लागणार का?

गंगाराम म्हणाला, आता चव लागली, रोज सकाळी लागणार.

"मगे नको," यशोदा म्हणाली. "दारवेपायी एक घोव मुंबयत रवलो हा, घराकडे येना नाय. आता दुसरो पिणारो दारात बांधू?"

तिने काठी उचलली आणि निघाली. एवढं करून कोयतेच. मी तिच्या पाठीकडे बघत होतो, आणि शक्य तेवढं नीट, एका लयीत, सभ्य माणसासारखं चालू राहायचा प्रयत्न करत होतो.

फाटकापाशी ती थांबली. "काकानू, किती व्हयी म्हणालास?"

"एक टोपाण."

"आणि मगे?"

"मगे दिसभर चलतलो."

"रातची मागूचो नाय?"

गंगारामने माझ्याकडे बघितलं. मघापासून त्याच्या लक्षात आलं नव्हतं, ते आता आलं असावं. त्याच्या एका शब्दावर तिचे कुणगे होते आणि त्याचा मान. तो ‘मागतो’ म्हणाला असता तर संपलं असतं. पण ह्या माणसाने आयुष्यात जनावराबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. "नाय," तो म्हणाला. "ह्याची जात तशी नाय."

यशोदा परत आली. माझ्या बॉनेटवर हात ठेवला. गरम होतो मी, पण तिने हात काढला नाही.

"आमचो अख्खी बाटली पिता आणि पायरेर निजता. हो एक टोपाण पिऊन दिसभर नांगरता. हो घेतंय मी."

सौदा पंचाखाली झाला. बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत ना, पंचाखाली बोटं धरून ठरवतात. भाईच्या हातात गंगाराम हात देणार, तेवढ्यात यशोदेने स्वतःचा हात घातला. बराच वेळ पंचा हलत होता. भाई एकदा कळवळला. भाव काय ठरला, मला आजवर माहीत नाही.

सोमवारी लोहार आला तेव्हा मी मिठबावात होतो. कसा गेलो विचारू नका. नवं जनावर पहिल्या दिवशी पळवायचं नाही, म्हणून गंगारामने मला इंजीन बंद करून, दाव्याने बांधून, बैलगाडीमागून नेलं. पकडून आणलेले ते दोन बैल सगळी वाट मागे वळून बघत होते आणि मी मान खाली घालून चालत होतो, म्हणजे माझी चाकं चालत होती. दारात यशोदेने चाकांवर पाणी घातलं, जाळीला हळदकुंकू लावलं. गंगारामने गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, ह्या यशोदेन आज दारात पाडो बांधल्यान हा, तेका खंय अडाचण येव नको, ह्या एकाचे एकवीस कर म्हाराजा. सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." मी जरा घाबरलो. एकाचे एकवीस, म्हणजे माझ्याकडून नक्की काय अपेक्षा होती?

त्या वर्षी वाडीत पहिले नांगरले गेले ते यशोदेचे कुणगे. बांधापाशी मी असा गर्रकन वळायचो की माणसं बघायला यायची. हिरवळीवर गोल गोल फिरल्याचा तिथे उपयोग झाला बघा. गणपतीला सत्यवान आला. यशोदा सकाळी मला टोपण पाजायची तेव्हा तो पायरीवर बसून माझ्याकडे असा बघायचा, की मला अवघडल्यासारखं व्हायचं. बाटलीची किल्ली तिच्या कमरेला. "काम करतंस तर तुकापण टोपाणभर गावात," तिने त्याला एकदा सांगितलं. गावात म्हणजे मिळेल. दोन दिवस तो शेतात आला. तिसऱ्या दिवशी आला नाही, पण दोन दिवस आला, हेही काही कमी नाही.

दोन वर्षांनी गंगारामच्या एका बैलाचा खूर दुखावला, ऐन मिरगाच्या तोंडावर. तो येऊन खळ्यात बसला. आंब्यांचं बोलला, पावसाचं बोलला, कुणाच्या तरी लग्नाचं बोलला. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, हा मोकळा कधी आहे.

यशोदा सुपारी कातरत होती. तिने सावकाश कातरून पुरी केली.

"काकानू," ती म्हणाली, "मिरग काय पळान जाता?"

गंगारामच्या तोंडचं पान चघळायचं थांबलं. चहा उकळेपर्यंत तिने त्याला तसंच बसवून ठेवलं. मग चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं सोडून आधी त्याचं शेत नांगरून दिलं. मी एवढा नीट कधीच चाललो नव्हतो.

आता माझी चाकं गुळगुळीत झालीत. सीटवर ही कोंबडी. गंजाचा भोवरा वाढत वाढत पाठीवर आलाय आणि त्याने अजून कुणाला खाल्लेलं नाही. पण मिरग आला की अजून उठतो मी. हौसाबाईकडून बाटली येते. जामसंड्यातून कुणी ना कुणी आणून देतं, "पाय चोळूक" म्हणून.

तुम्ही मुंबईहून आलात, शहाणी माणसं. तुम्हाला वाटत असेल, यशोदेला सांगावं, बाई, ह्याला दारू कशाला, छोट्या टाकीत घोटभर पेट्रोल घाला. हात जोडतो, म्हणजे स्टिअरिंग जोडतो, सांगू नका. काजूसाठी म्हणत नाही मी. बरं, थोडंसं काजूसाठी. पण खरं सांगू? पेट्रोलवर चालतो असं कळलं तर मी यंत्र होईन. यंत्राला कुणी हळदकुंकू लावतं का? यंत्राच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतं का?

तो बघा, फाटक वाजलं. गंगाराम आला. आता त्याला नीट दिसत नाही, पण रोज सकाळी येतो, माझ्या पाठीवर उलटा हात ठेवतो आणि विचारतो, "ताप नाय मा रे, पाड्या?"

गप्प बसतो आता. आणि जाताना कोंबडीला उठवू नका, ती अंड्यावर आहे.